बाबांच्या हातात एकच रिमोट

दुपारी दोनच्या सुमारास, प्रॅक्टिकल सुरू असताना फोन थरथरला की नाव न बघताच कळायचं, बाबा. काय म्हणणार तेही ठाऊक असायचं. "बेटा, टीव्ही निळा होऊन राहिला." मग मी पोरांना लंबकाचे झोके मोजायला बसवून व्हरांड्यात यायचे आणि नागपुरात धरमपेठेत उभी राहून महाल भागातल्या बाबांच्या घरचा टीव्ही ताळ्यावर आणायचे. "मोठा काळा रिमोट घ्या. तो नाही बाबा, ज्याला रबर बँड लावलाय तो. वरच्या कोपऱ्यात सोर्स लिहिलंय, ते दाबा. आता खालचा बाण. अजून एकदा. आता मधलं गोल बटन." तिकडून बातम्यांचा आवाज आला की आम्ही दोघं फोन ठेवायचो.

टीव्हीला काही झालेलं नसायचं. आवाज वाढवायला बाबा टीव्हीचा रिमोट उचलायचे, अंगठा सोर्सवर पडायचा आणि टीव्ही अशा पोर्टवर जाऊन बसायचा जिथे काही जोडलेलंच नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा अजून पिकायचाय. दिवाणावर चार रिमोट ओळीने: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, साउंडबारचा आणि दादाने पुण्याहून आणलेल्या, टीव्हीवर इंटरनेटचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिकचा. एप्रिल लागला की कूलरचा पाचवा, नवतपा आला की एसीचा सहावा.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की ते माझ्या अंगावर येतं. बाबांचं झालं, मग सासरचं, मग नणंदेचं, मग स्टाफरूममधल्या दोघीतिघींचं. युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे अनेक उपकरणं एकट्याने चालवणारा, घ्यायला गेलं की दुकानात सगळे विचारतात, "याने काय काय चालतं?" मी आधी विचारते, हा धरणार कोण आणि त्याला बटनं किती लागतात? बाबांना लागतात सहा आणि आकडे. चालू-बंद, आवाजाची दोन, चॅनेलची दोन, म्यूट. त्यांच्यासाठी पन्नास बटनांचा, आठ उपकरणं चालवणारा रिमोट म्हणजे चारच्या जागी एक संकट, पण चौपट मोठं.

आधी फोनचा कॅमेरा काढा

पैसे काढण्याआधी घरातला प्रत्येक रिमोट कुठली भाषा बोलतो ते बघायचं. फोनचा सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, खोलीत जरा अंधार करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून बटन दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो रिमोट इन्फ्रारेडचा. मागचा कॅमेरा पुष्कळ फोनांत हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढचाच वापरा. साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी पोरांना हे दाखवते आणि दरवर्षी कोणीतरी "मॅडम, परत एकदा" म्हणतंच.

एकच बटन दाबून थांबू नका. स्टिकच्या रिमोटवर आवाजाचं आणि टीव्ही बंद करायचं बटन दाबलं की ठिपका दिसतो, बाण दाबले की काहीच नाही. कारण त्या रिमोटची ती दोन-तीन बटनं टीव्हीशी इन्फ्रारेडने बोलतात, बाकीची स्टिकशी ब्लूटूथने. टीव्हीच्या मागे खोचायच्या या स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नसतो. त्यामुळे बाजारातला साधा युनिव्हर्सल रिमोट तुमची स्टिक चालवणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. टीव्हीचं उलटं आहे. कंपनीने सोबत माइकवाला ब्लूटूथ रिमोट दिला असला तरी टीव्हीच्या खालच्या पट्टीत इन्फ्रारेडचा डोळा बहुधा असतोच, त्यामुळे तीनेकशे रुपयांचा रिमोटही त्याला चालू-बंद करतो, आवाज कमी-जास्त करतो. बोलून शोधायचं काम तेवढं जातं.

वहीच्या एका पानावर लिहून काढा: उपकरण, ठिपका दिसला की नाही, आणि यातली खरंच लागणारी बटनं कुठली. आमच्या पानावर साउंडबारपुढे मी "फक्त आवाज" लिहिलं आणि तिथेच अर्धं काम हलकं झालं.

फुकटात होतं का बघा

साउंडबार किंवा स्टिक एचडीएमआय वायरने जोडली असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय शोधा, तिच्यामुळे एकाच्या रिमोटने दुसरंही चालतं. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीने तिचं बारसं वेगळं केलंय. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. ती टीव्हीतही चालू करा, साउंडबारमध्येही. साउंडबारची वायर एआरसी लिहिलेल्या पोर्टातच हवी, टीव्हीचा आवाज तिथूनच साउंडबारकडे जातो. दुसऱ्या पोर्टात खोचून अर्धा तास सेटिंग खणत बसण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. हे जमलं की टीव्हीच्या आवाजाच्या बटनाने साउंडबारचा आवाज हलतो आणि एक रिमोट दिवाणावरून उठतो, एक पैसा न देता.

दुसरी फुकटची गोष्ट आपल्याकडे घरोघरी पडून आहे. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट नीट बघा. पुष्कळ रिमोटांवर वरच्या किंवा खालच्या बाजूला वेगळ्या रंगाच्या चौकटीत चार-पाच बटनं असतात आणि चौकटीवर टीव्ही लिहिलेलं असतं. ही बटनं कोरी पाटी असतात. टीव्हीच्या रिमोटकडून ती शिकतात. केबलवाला बॉक्स लावून जातो, पण हे सांगत नाही. आमच्याकडे चार वर्षं ती चौकट नुसती शोभेला होती.

शिकवायची पद्धत माझ्या हाताखालून गेलेल्या रिमोटांवर थोड्याफार फरकाने अशी होती. दोन्ही रिमोटांत नवे सेल टाका. जुन्या सेलवर हे काम करू नका, निम्मी बटनं अर्धवट शिकतात आणि दोष रिमोटला जातो. दोघांना टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवा, मधे दोन-तीन बोटांचं अंतर. हातात धरून करू नका, हात हलतो. बॉक्सच्या रिमोटवरचं सेट बटन लाल दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून ठेवा. मग चौकटीतलं ज्याला शिकवायचं ते बटन, समजा आवाज वाढवायचं, एकदा दाबा. दिवा मंद लुकलुकायला लागतो, म्हणजे तो कान देऊन बसला. आता टीव्हीच्या रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटन दाबा आणि सोडा. दिवा दोन-तीनदा भरभर चमकला की धडा पाठ झाला. पुढचं बटन घ्या. सगळी झाली की परत सेट दाबा, नाहीतर शिकवलेलं जपून ठेवलं जात नाही. ही शेवटची पायरी माझ्या नणंदेने गाळली होती आणि मला नंदनवनपर्यंत खेप पडली.

"दाबा आणि सोडा" मी मुद्दाम लिहिलंय. लोक शिकवताना बटन दाबून धरतात. पुष्कळ कंपन्यांच्या पद्धतीत पूर्ण संकेत एकदाच जातो आणि बोट दाबलेलं असेल तोवर दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास "तेच, तेच" असा छोटा इशारा जात राहतो. शिकणाऱ्या रिमोटने चुकून तो इशाराच उचलला तर टीव्हीला काही अर्थबोध होत नाही. टिचकी मारल्यासारखं दाबा.

आणि उन्हात करू नका. रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. टीव्हीचा डोळा तेवढ्याच लुकलुकीकडे लक्ष देतो, म्हणून ट्यूबलाइटने तो भुलत नाही. पण आपल्या उन्हात इन्फ्रारेडचा असा पूर असतो की त्यात रिमोटचा आवाज बुडतो. मी पहिल्यांदा हा उद्योग मे महिन्यात गॅलरीत बसून केला होता, तीन वेळा फसला. आत येऊन पडदा ओढला, पहिल्या झटक्यात झालं. महालातल्या घरी पश्चिमेच्या खिडकीतून पाचच्या सुमारास टीव्हीच्या पट्टीवर ऊन येतं, तेव्हा कुठलाच रिमोट धड चालत नाही, आणि बाबा सेल बदलत बसायचे. वायरशिवायचा पहिला टीव्ही रिमोट अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये केला, तो टॉर्चसारखा प्रकाशाचा झोत टाकायचा. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते. तिथेही ऊन पडलं की टीव्ही आपल्या मनाने चॅनेल बदलायचा. सूर्याचं आणि रिमोटचं वैर जुनं आहे.

बॉक्सचा रिमोट असा तयार झाला की एक गोष्ट विसरू नका. बॉक्सचा स्वतःचा आवाज एकदाच भरपूर वाढवून ठेवा आणि रोजचा आवाज टीव्हीच्या शिकवलेल्या बटनांनी कमी-जास्त करा. दोन्हीकडून आवाज हलवत राहिलात तर एक दिवस बॉक्स तीनवर आणि टीव्ही शंभरवर असतो, आणि कोणीतरी चुकून बॉक्सचा वाढवतं.

माझ्या मते निम्म्या घरांचं काम इथेच संपतं. पुढचं त्यांच्यासाठी, ज्यांच्या रिमोटवर ही चौकट नाही किंवा ज्यांचे रिमोट कुत्र्याने, नातवाने वा पाण्याच्या ग्लासाने खाल्ले.

बर्डीवर जाताना

जुना रिमोट सोबत न्या, तुटका असला तरी. मी पहिल्यांदा टीव्हीचा मॉडेल नंबर फोनमध्ये टिपून मोठ्या ऐटीत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले. काउंटरवरचा मुलगा वरही न बघता म्हणाला, "मॅडम, पुराना रिमोट लाए क्या?" त्याचं बरोबर होतं. हे लोक चेहरा जुळवतात. बटनांची मांडणी सारखी दिसली की आतला संकेतही बहुधा सारखा असतो. टीव्हीच्या नंबरावरून तेवढा अंदाज येत नाही. रिमोट हरवलाच असेल तर नेटवर तुमच्या मॉडेलच्या रिमोटचा फोटो शोधून तो दाखवा.

एकच उपकरण आणि हरवलेला रिमोट, तर युनिव्हर्सलच्या वाटेला जाऊ नका. त्याच चेहऱ्याचा डुप्लिकेट घ्या. सेल टाकले की चालतो, काही शिकवावं लागत नाही. मी दीडशेला घेतलाय.

युनिव्हर्सल म्हणून मिळतात त्यांच्यात दोन जाती. एक कोडवाला: पोटात शेकडो कंपन्यांचे संकेत भरलेले, सोबत बारीक अक्षरातला कागद, आपण कोड टाकायचा. दुसरा शिकणारा: पोट रिकामं, आपल्या जुन्या रिमोटकडून सगळं शिकणारा. काहींत दोन्ही असतं. ॲपलच्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये कोर नावाचा शिकणारा रिमोट काढला होता. तेव्हा तो श्रीमंतांचा छंद होता, आता बर्डीवर साडेतीनशेला मिळतो. जुने रिमोट जिवंत असतील तर डोळे मिटून शिकणारा घ्या. मेले असतील तर कोडवाल्याला पर्याय नाही. स्टाफरूममध्ये एकीला लॉजिटेकचा हार्मनीच हवा होता, कुठेतरी वाचलेला. तो कंपनीने २०२१ मध्ये बनवणं बंद केलं. जुना कुणाकडून घेण्याच्या फंदात पडू नका.

काउंटरवर माझ्या तीन परीक्षा असतात. डोळे मिटून अंगठ्याने आवाजाचं बटन सापडतं का? सगळी बटनं सारख्या आकाराची असतील तर तो बाबांसाठी बाद. दुसरी, बटनांवरची अक्षरं नखाने खरवडून निघतात का? दुकानदार रागावतो, रागावू द्या. तिसरी घरी करायची: सगळं शिकवून झालं की सेल काढा, पंधरा मिनिटं थांबा, परत टाका. स्वस्तातले काही रिमोट सेल काढले की सगळं विसरतात. असा निघाला तर त्याच दिवशी परत नेऊन द्या, म्हणून बिल घ्या आणि "नाही चाललं तर बदलून देणार ना?" हे आधीच बोलून ठेवा.

बटनाखाली दिवा लागणारे रिमोट दिसायला छान, सेल खातात. बाबांना अंधारात टीव्ही बघायची सवय नाही, मी घेतला नाही.

कोड टाकताना

सेट दिवा पेटेपर्यंत दाबा, उपकरणाचं बटन दाबा, कागदावरून आपल्या कंपनीचा कोड टाका, दिवा विझला की तपासा. सोपं आहे, फसवणूक पुढे आहे. एकाच कंपनीपुढे दहा-बारा कोड असतात आणि पहिल्याच कोडने टीव्ही बंद झाला की लोक खूश होऊन थांबतात. थांबू नका. बंद-चालू जमलं म्हणजे सगळं जमलं असं नाही. आवाज, म्यूट, मेन्यू, सोर्स, आकडे, सगळं दाबून बघा. माझ्या सासूबाईंच्या टीव्हीला चौथ्या कोडवर मेन्यू मिळाला. पहिल्या तिघांवर बाकी सगळं व्यवस्थित होतं. जुळलेला कोड कागदाच्या पट्टीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवा. सोबत आलेला कागद महिन्याभरात हरवतोच.

कागदावर कंपनीच नसेल तर आपोआप शोधायची सोय वापरा. टीव्ही चालू ठेवून रिमोट त्याच्याकडे धरायचा, सेट आणि चालू-बंद बटन सांगितल्याप्रमाणे दाबायचं. रिमोट एकामागून एक संकेत फेकत जातो. टीव्ही बंद झाला त्या क्षणी बटन दाबून त्याला थांबवायचं. दहा-पंधरा मिनिटंही लागतात आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी चहा विचारायला येतं. त्या वेळी खोलीतली बाकीची उपकरणं भिंतीवरच्या बटनाने बंद ठेवा, नाहीतर भलतंच काहीतरी जागं होतं.

इथे नणंदेच्या टीव्हीची गोष्ट सांगायलाच हवी. समोर नाव मोठ्या कंपनीचं. रिमोट मूळचा, नवे सेल, कॅमेऱ्यात ठिपका लख्ख, तरी टीव्ही ढिम्म. त्या कंपनीचे सगळे कोड संपले. शेवटी जावई आठवून म्हणाले की दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने आतला बोर्ड बदलला होता. मिस्त्री लोक बिघडलेल्या टीव्हीत बाजारात मिळणारा युनिव्हर्सल बोर्ड टाकतात. मग टीव्ही आडनाव जुनंच लावतो, पण आतलं घराणं बदललेलं असतं. अशा बोर्डासोबत त्याचा एक साधा रिमोट येतो. तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडला होता, टीव्हीचा नाही म्हणून कोणी हात लावला नव्हता. गावात जुळवलेले, अनोळखी नावाचे टीव्हीही याच जातीचे. तिथे नावावरून कोड शोधू नका, सरळ आपोआप शोधाकडे जा.

शिकणाऱ्या रिमोटची एक खोड आधीच सांगून ठेवते. सगळं व्यवस्थित शिकला, पण ११ नंबरचा चॅनेल लागत नाही, १ वर जातो. तुमचं काही चुकलेलं नाही. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाबरोबर संकेतातली एक खूण आलटून-पालटून बदलते, त्यावरून टीव्हीला कळतं की बोट उचलून परत दाबलं. शिकलेला रिमोट मात्र घोकंपट्टी करतो, दरवेळी तीच खूण पाठवतो. टीव्हीला वाटतं, बोट अजून तिथेच आहे. उपाय गमतीचा आहे: एकच आकडा दोनदा शिकवा. मूळ रिमोटवर एकदा दाबून एका बटनाला शिकवा, परत दाबून दुसऱ्या एखाद्या रिकाम्या बटनाला. किंवा सरळ चॅनेल पुढे-मागे करा.

एसी आणि कूलर वेगळ्या पंगतीला

टीव्हीचा रिमोट "आवाज एक पायरी वाढव" एवढंच सांगतो. एसीचा तसा नसतो. तुम्ही नुसतं तापमान एका अंशाने बदललंत तरी तो दरवेळी अख्खी कुंडली पाठवतो: चालू, थंड, २४, पंख्याचा वेग अमुक, झडप तमुक. म्हणून एसीच्या रिमोटला पडदा असतो. सगळी परिस्थिती त्याने स्वतःच लक्षात ठेवलेली असते. टीव्हीच्या शिकणाऱ्या रिमोटला तुम्ही एसीचं "तापमान वाढव" शिकवायला गेलात तर तो फक्त "२५" शिकतो, कितीही दाबा, पंचवीसच.

पण हाच दोष मी कामाला लावला. एसीच्या रिमोटवर आधी थंड, २५, पंखा मध्यम असं जुळवून ठेवलं आणि बंद केलं. शिकणारा रिमोट तयार ठेवून एसीचं चालू बटन दाबलं. तेवढी अख्खी कुंडली एका बटनात उतरली. दुसऱ्या बटनाला बंद शिकवलं. बाबांना आता एसीची दोनच बटनं, चालू आणि बंद, आणि तापमान सोळावर नेऊन आईचे गुडघे धरण्याचा प्रश्न मिटला. एसीचा संकेत लांब असल्याने काही स्वस्त रिमोटांच्या डोक्यात तो मावत नाही. दिवा चमकून नकार देतो. तसं झालं तर एसीसाठीचा वेगळा युनिव्हर्सल घ्या. त्यात सेट दाबून ठेवला की पडद्यावर आकडे पळतात, एसीने पीप केलं की सोडायचं.

कूलरचे कोड कुठल्याच कागदावर मला सापडले नाहीत. त्याला शिकणाराच लागतो. पंखा आणि पंप दोन्ही वेगळी शिकवा, नाहीतर पाणी संपल्यावर पंप बंद करायला परत मूळ रिमोट शोधावा लागतो. हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन रिमोटवाले पंखे असतील तर एका बटनाने दोन्ही फिरतात, यावर माझ्याकडे उपाय नाही. आम्ही एकावर रिमोट रोखून दुसऱ्याला वर्तमानपत्राने झाकतो.

वायफायवरून हुकूम घेऊन इन्फ्रारेड फेकणारा छोटा डबा आणून फोनवरून सगळं चालवता येतं, ठीक आहे, तरुणांनी करावं. घेताना एवढं बघा की असे पुष्कळ डबे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात आणि प्रकाश भिंतीपलीकडे जात नसल्याने खोलीगणिक एक लागतो. शाओमीच्या काही फोनांत इन्फ्रारेडचा दिवाच असतो. माझ्या पोराने त्या फोनवरून एका उपाहारगृहातली मॅच आलुबोंडा येईपर्यंत मूक करून ठेवली होती.

सोर्सचं बटन

शिकवून झालेला रिमोट बाबांच्या हातात दिला तेव्हा वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी फोन. "बेटा, परत निळा." आईने सवयीने टीव्हीचा रिमोट शेजारी आणून ठेवला होता. मग मी दोन्ही रिमोट उघडायचं ठरवलं.

सेलच्या जागेत स्क्रू असला तर काढा, मग कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या, टपटप आवाज करत कवच उघडतं. आत रबराची चादर, तिच्या पोटाला काळे ठिपके, खाली हिरवा बोर्ड. काळा ठिपका बोर्डावरच्या नक्षीला टेकला की बटन लागतं. सोर्सच्या नक्षीवर सेलोटेपचा छोटा तुकडा लावा. बस. बटन वरून तसंच दिसतं, दाबलंही जातं, होत काहीच नाही. उद्या हवं झालं तर टेप काढा. उघडलाच आहे तर नक्षी आणि काळे ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसून घ्या. जोर लावून दाबावी लागणारी बटनं पुष्कळदा एवढ्यानेच सुधारतात.

या यशाने मी शेफारले आणि बॉक्सच्या चालू-बंद बटनालाही टेप लावला. म्हटलं, बॉक्स सतत चालूच राहू दे, बाबांना फक्त टीव्हीचं बटन. आठवड्याने महालात दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा बॉक्स झोपलेल्या अवस्थेत उठला, आणि त्याला जागं करायचं बटन मीच मारून ठेवलेलं. चव्वेचाळीस डिग्रीत स्कार्फ गुंडाळून, स्कूटीवर, एका सेलोटेपच्या तुकड्यासाठी गेले. बॉक्सच्या बटनाला हात लावू नका. सोर्स, मेन्यू, सेटिंग, भाषा, एवढीच मारा.

टीव्हीच्या चालू-बंदवर मी लाल नेलपॉलिशचा जाड थेंब लावला, आवाज वाढवायच्या बटनावर एक छोटा. नजर नसली तरी अंगठ्याला लागतो. रिमोटला घातलेलं प्लास्टिक मात्र काढून टाकलं. आईचा विरोध होता, दुकानातून आल्यापासूनचं ते. पारदर्शक पातळ प्लास्टिकातून संकेत जातो, पण सहा वर्षांचं पिवळं, तेलकट, सुरकुतलेलं प्लास्टिक समोरून वाटही अडवतं आणि बटनंही चुकवतं.

चालणारा रिमोट एकाएकी थांबला तर क्रम हा: सेल नवे, कॅमेऱ्यात ठिपका, टीव्हीवर ऊन, टीव्हीसमोर ठेवलेली गणपतीची मूर्ती किंवा फुलदाणी. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे दीडचे. काही रिमोट तेवढ्या फरकाने लवकर मलूल पडतात. सेल फुटून पांढरं साचलं असेल आणि तो अल्कलाइन असेल तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, मग कोरडं करा.

मूळ रिमोट फेकू नका. नवा रिमोट विसरला, पडला, बुडाला, तर परत शिकवायला गुरू लागतोच. सेल काढा, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव लिहा, एका डब्यात घाला आणि तो डबा दिवाणापासून लांब ठेवा. मी आईच्या स्वयंपाकघरातला वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा घेतला, त्यातलं होतं ते एका पिशवीत ओतून ठेवलं आणि सांगायचं राहून गेलं. आषाढी एकादशीला सकाळी सात वाजता फोन थरथरला. या वेळी आई होती. "साबुदाण्याच्या डब्यात रिमोट निघून राहिले. साबुदाणा कुठे टाकला बाप्पा?"